तुळजाबाई गोल्फवालीच्या कापऱ्या हाताची हकीकत

श्रीशारदा साह्य असो. हुजुरांनीं पुसविलें कीं, गवत राखणाराची लेक देशोदेशींच्या खेळाडूंवर सरशी करून आली, तें वर्तमान कैसें? त्यावरून जें देखिलें आणि खातरीच्या मुखें ऐकिलें, तेवढेंच लिहिलें असे.

राजधानीबाहेर टेकाडावर गोल्फाचें मैदान होतें. काठीनें चेंडू हाणावा, दूर भोकांत घालावा, आणि ज्याचे फटके कमी त्याची फत्ते, ऐसा तो खेळ. तेथें निंबाजी सरवदे गवत कापीत आणि पाणी देत. त्यांस दोघी लेकी, थोरली चंपा आणि धाकटी तुळजा. सोमवारीं मैदान बंद असे, मग निंबाजींनीं कारभारियांस विनवून लेकींस आंत घेतलें, आणि कोणी टाकिलेली मोडकी काठी सुतळीनें बांधून तुळजेच्या हातीं दिली. मग ती मारूं लागली, आणि चेंडू ऐसा नीट जाऊं लागला कीं कारभारी स्वतां पाहावयास आले आणि बोलिले, "निंबाजी, ही पोर आतां सोमवारचीच नव्हे, रोजची." मग ती रोज खेळली, आणि सोळावे वर्षीं राज्यांत पहिली आली, आणि विसावे वर्षीं खेळ हाच धंदा धरून परमुलखीं जाऊं लागली, आणि चंपा काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन संगें फिरली.

पुढें दैव फिरलें. एके सामन्यांत चेंडू भोकापासून दोन हातांवर, आंधळ्यानेंही घालावा ऐसा, आणि तुळजाबाईंचा उजवा हात अकस्मात् कांपला, चेंडू बाजूस गेला. लोक हांसले. मग दुसरे ठायीं तैसेंच जाहलें, आणि तिसरे ठायींही. दूरचा फटका तोफेसारखा सरळ, आणि जवळचा आला कीं हाताचा पाचोळा. नवस जाहले, वैद्य जाहले. वैद्य म्हणाले, हातास कांहीं नाहीं. तें ऐकोन बाई अधिकच भ्याल्या, कीं हातांत नाहीं तर मग रोग आहे कोठें? जेवतांना घास सांडतो कीं काय म्हणोन बोटांकडे पाहात बसत, आणि चंपा समोर बसून पाहात नाहीं ऐसें दाखवीत असे.

शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरीं, आश्विन मासीं समुद्रापलीकडे चार दिवसांचा थोर सामना मांडला. तीन दिवस बाई दूरच्या फटक्यांच्या बळें पुढें राहिल्या, आणि चवथे दिवशीं दोन फटक्यांची आघाडी होती. सोळावे भोकीं हात कांपला, आघाडीचा एक फटका गेला. सतरावे भोकीं कांपला, दुसराही गेला. मग शेवटचें अठरावें. प्रतिपक्षाच्या बाईनें तें चार फटक्यांत आटोपिलें, आणि तुळजाबाईंचा चेंडू दोन फटक्यांतच भोकाजवळ, दोन हातांवर येऊन थांबला. आतां एक फटका आणि फत्ते. लोक टाळ्या वाजवूं लागले.

बाई चंपेस म्हणाल्या, "अक्का, बघ गं, हात ऐकतच नाहीं. तूंच मार."

"मला मारतां येईल का, वेडे? नियम आहे."

"थोडका थांबूं दे. थांबला कीं मारतें."

"आजवर तेंच केलेंस," चंपा बोलिली. "थांबायची वाट पाहतेस आणि अधिक कांपतेस. हाताकडे बघूं नको, चेंडूकडेही नको. भोकाकडे बघ, आणि कांपत कांपतच मार."

मग बाईंनीं मान वळवून दृष्टी भोकावर ठेविली, आणि हात कांपत असतांच काठी हालविली. चेंडू वांकडा निघाला, भोकाच्या कडेस गेला, कडेकडेनें अर्धा फेरा घेतला, आणि आंत पडला. लोकांनीं एकच गर्जना केली. बाई मटकन् गवतावर बसल्या, चंपा जवळ जाऊन बसली, आणि दोघी बराच वेळ उठल्या नाहींत.

मग विजयाचा करंडक दिला, तो एका कानीं चंपेनें धरिला तेव्हां स्थिर राहिला. मग घरून फोन आला. निंबाजी पुसते जाहले, "हात कसा आहे, बाई?"

"अजून कांपतो, बाबा."

निंबाजी म्हणाले, "माझाही कांपतोय. दिवसभर पाण्याचा पाइप धरवेना."

सारांश, यश आलें, कंप राहिला. तरी पुढील सामन्यास बाई वेळेवर हजर जाहल्या. इतकेंच ठाऊक, इतकेंच लिहिलें.