आप्पांच्या हाकेने कोरियन वाहिनी फत्ते जाहली ते वर्तमान

"मराठी वाहिनी काढून तिच्या जागी कोरियन घेतली तर चालेल का?" ऐसा सवाल राजश्री मिलिंदराव व सौभाग्यवती अरुणाबाई या मातापितरांस भर जेवणावर करावा, ऐसा विडा सातासमुद्रापलीकडील स्कारबरो मुलुखी शाळेच्या कॅफेटेरियात ऊर्मी आदिकरून मैत्रिणींनी मांडिला, आणि तो त्यांची कन्या अक्षराबाई यांनी उचलिला. बाईसाहेब इयत्ता दहावी. गत साली वर्गात हात वर करावयास कचरत, यंदा डिबेटमध्ये दोन शाळा लोळविल्या, तेणे अंगी बळ संचरले.

मोहिमेस कारण ऐसे जे, मैत्रिणी शुक्रवारी कोरियन मालिका पाहात आणि सोमवारी तीवर खलबत करीत, आणि बाईसाहेब मधोमध बसोन उगाच मान डोलवीत. इंटरनेटवर भाग येई तो आठवड्याने शिळा. केबलच्या पॅकेजात परभाषेस जागा एकच. तीवर मराठी वाहिनी सात वर्षे ठाणे देऊन बसलेली.

सवाल होताच मिलिंदरावांनी फर्माविले की आधी गाडीस बर्फात चालावयाचे विंटर टायर बसोत, मग पाहू. अरुणाबाईंनी मात्र वर्मी घाव घातला.

"मराठी काढली तर घरात मराठी बोलणार कोण? तू? तू तर हाक मारली तरी 'व्हॉट' म्हणतेस."

"दॅट्स सो अनफेअर," इतुके बोलोन बाईसाहेब जिना चढून गेल्या, आणि पहिला हल्ला फसला.

मग केबल कंपनीचा खलिता आला की कोरियन वाहिनी सात दिवस फुकट पाहावी. शनिवारी मातापितर ग्रोसरीस कूच करिते जाहले, आणि बाईसाहेबांनी टीव्ही लाविला. नायिका इस्पितळाचे दारी पडोन आकांत करी, "आप्पा! आप्पा!" कोरियन भाषेत बापास आप्पा म्हणतात, आणि या घरी आजोबांस आप्पा म्हणतात. बेसमेंटमध्ये फावड्याचा दांडा ठोकीत बसलेले आप्पासाहेब दांड्यासुद्धा धावत वर आले.

"आलो, आलो! काय झालं? कोण रडतंय?"

खुलासा ऐकोन हसले, परंतु पडद्यावरील पोर पुन्हा आप्पा म्हणोन रडली तेव्हा त्यांच्याने जाववेना, आणि दांडा मांडीवर घेऊन बैसले. खालची इंग्रजी अक्षरे दिसत ना, चष्मा बेसमेंटात. मग बाईसाहेब वाक्यावाक्याचे मराठी करू लागल्या. 'वारसदार' अडला तो आप्पांनी पुरविला, 'सावत्र' अडला तोही पुरविला.

अरुणाबाई दुधाच्या पिशव्या घेऊन दारात आल्या तो आतून आवाज येई, "आप्पा, ती सावत्र सासू खोटं बोलतेय, मृत्युपत्र तिनेच लपवलंय." कन्येचे तोंडी सलग इतुके मराठी पाचवीनंतर ऐकिले नव्हते. पिशव्या हाती तशाच राहिल्या, आणि अरुणाबाईही कोचाच्या कडेस टेकल्या.

"मग? कुठे लपवलंय?"

सात दिवस सरले. आप्पासाहेबांचा हुकूम सुटला की मराठी वाहिनी उठवावी, आणि अरुणाबाईंनी एका अटीवर तह केला की प्रत्येक भाग मराठीत सांगितला जावा. ऐसी स्कारबरोची जागा, सात वर्षांचे ठाणे उठोन, मार्गशीर्षमासी फत्ते जाहली. मैत्रिणींस वर्दी गेली आणि कॅफेटेरियात फ्राईज वाटिल्या.

त्याच दिवशी जेवणावर बाईसाहेब खुर्ची सारून उभ्या राहिल्या. मातापितरांस वाटले, आणखी एक सवाल येतो.

"आई, बाबा, मी शनिवारच्या कोरियन शाळेत नाव घातलंय. विचारत नाहीये, सांगतेय. आणि आप्पांचंही घातलंय."