पास्टरांचं पोट आणि माझी शिवण

आमच्या लातूरच्या गल्लीतले दानियल पास्टर गळ्यात टेप अडकवूनच प्रवचन करायचे. नजर माणसाच्या आत्म्यावर असते, असं ते म्हणत. मला मात्र ती कायम माझ्या कमरेवर वाटायची.

धंदा शिलाईचा. रविवारी मशीन भिंतीला सरकवलं की दुकानाचंच चर्च. चर्चच्या मंडळीनं पगार देऊ केला, तर म्हणाले, "बायबलातल्या पौलानं तंबू शिवून पोट भरलं. मी काय त्याच्यापेक्षा मोठा हाय? मीच फुकट खाल्लं तर तुम्ही काय शिकताल?" हे सांगायचे मंडळीला, बघायचे दारातल्या माझ्याकडं. मी शाळेत मास्तर, पण तेव्हा सासऱ्यांच्या घरात बिनभाड्यानं राहत होतो.

भूकंप झाला तेव्हा मशीन टेम्पोत टाकून किल्लारीकडं गेले, महिनाभर ताडपत्र्या शिवत बसले. तिथंही म्हणे खिचडी घेण्याआधी वाढणाऱ्याच्या सदऱ्याला बटण लावून दिलं.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गावोगावची पोरं आली, ती रेडीमेड कपडे घालून. मशीन थंडावलं. त्यातच पास्टरांची बायको गेली. आम्ही जेवायला बोलवावं, तर एकच सवाल, "काम काय हाय?"

मग माझ्या बायकोनं युक्ती काढली. दर शनिवारी माझ्या एका शर्टाची कडेची शिवण ब्लेडनं उसवायची आणि रविवारी पास्टरांपुढं टाकायची. "यांच्या पोटापुढं शिवण टिकतच नाही बघा." पास्टर मान डोलवून टाके घालायचे, मग पिठलं-भाकरी खायचे. माझ्या पोटाची बदनामी अशी सात वर्षं चालली.

परवा बायको देगलूरला लेकीकडं गेली आणि मी उसवायचं विसरलो. पास्टर दारात. मी आत पळालो, घाईनं ब्लेड फिरवलं आणि शर्ट आणून दिला.

त्यांनी तो उजेडात धरला.

"सर, वहिनीचा हात हलका हाय. त्या टाकेच कापतात. तुम्ही कापड कापलं."

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"झिजून उसवलेलं आन् ब्लेडनं कापलेलं, शिंप्याला कळत नसतंय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर रविवारी घरी एकट्यानंच जेवावं लागलं असतं की." त्यांनी सुई-दोरा माझ्याकडं सरकवला. "ओवून द्या, दिसत नाही आता. आन् मंडळीला सांगू नका. पौलाचं नाव खराब होईल."

दोरा ओवायला मला बराच वेळ लागला. माझी नजर काही अधू नाही.