नदी चढवणारे खानविलकर

दुबईत भर जूनमध्ये माकडटोपी घालून बसणारा एकच माणूस मी पाहिला, आमचे खानविलकर. तिथल्या देरा भागातल्या नकाशांच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. उपग्रहाच्या फोटोंवरून आम्ही कुठल्या कुठल्या निर्मनुष्य, बर्फाळ डोंगरांचे नकाशे काढायचो. खानविलकर राजापूरचे. बर्फ पाहिलेला तो उसाच्या रसातला. पण हिमनदीची शीट उघडली की टोपी कानांवर.

"अहो भिडे, साडेचार हजार मीटरवर आहे मी. सर्दी झाली तर तुम्ही निस्तरणार?"

नदीबरोबर खाली सपाटीला आले की टोपी काढत.

भाड्याची खोली बघायला गेले तरी आधी बाटलीभर पाणी फरशीवर ओतायचे. "उतार पाण्याला विचारायचा. एजंटला नाही." एकदा ते पाणी थेट घरमालकाच्या गालिच्यात गेलं. "यल्ला, बाहर!" म्हणून त्याने आम्हा दोघांनाही हाकललं.

इथल्या मराठी मंडळींना मात्र खानविलकर वेगळ्याच किश्श्यामुळे ठाऊक आहेत. त्यांनी म्हणे नकाशात नदी डोंगरावर चढवली! हा किस्सा मीच गणपतीत, कोजागिरीला, जिथे जमेल तिथे सांगितला. आता माझी सत्तरी उलटली, तेव्हा खरं सांगून टाकतो. ती नदी मी चढवली होती.

दोन लगतच्या शीट आमच्या दोघांकडे होत्या. पांढऱ्याफेक बर्फावरची उंची वाचायला वेळ लागतो, आणि मला अल बर्शा भागातला भाड्याचा फ्लॅट बघायची घाई. मी अंदाजाने आकडे टाकले. शीट जोडल्या तर माझ्याकडून निघालेली नदी खानविलकरांच्या हद्दीत शिरताना चक्क शंभर मीटर वर चढली.

"हबीबी, रिव्हर गोइंग अप? हूज मिस्टेक?" मॅनेजर ओरडला.

मी मान खाली घालून टेबलावरचे कागद लावू लागलो. खानविलकर उभे राहिले. "माइन, सर."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची रवानगी शारजाच्या पार्किंगचे नकाशे काढायला. डोंगर खलास.

निवृत्त होऊन ते कायमचे निघाले तेव्हा विमानतळावर मी एकदाचं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मग असं का केलंत?"

"तुमची बायको-मुलं शुक्रवारी यायची होती. नोकरी गेली असती तर त्यांचा व्हिसा अडला असता. माझ्याकडे कोण यायचं होतं?"

 त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पण किस्सा रंगवून सांगता हो तुम्ही! गणपतीत मी मागच्या रांगेत होतो. पोट धरून हसलो."