पेटिग्रूंच्या घरातली बहिरी डबी

चॅनलवाले साहेब, तुम्ही बहिरे आहात! तोंडावर सांगतो. तुमची ती डबी बहिरी, तिच्यातलं वाचणारे बहिरे, आणि त्यावर सही ठोकून जेवायला जाणारे तुम्ही तर ठार बहिरे! काळ्या माणसांच्या घरावर मालिका काढता, आणि काळी माणसं हसतात कशी एवढं कुणाला विचारावंसं वाटलं नाही? फ्लॉसमूरला जे झालं ते तुमच्यामुळे झालं. व्हर्नेल पेटिग्रूचा थोडा हात होता, नाही असं नाही. पण तिनं जे केलं ते लेकीच्या मायेपोटी. तुम्ही कशापोटी केलंत?

तर ही व्हर्नेल. शिकागोच्या दक्षिणेला, फ्लॉसमूरमध्ये तिचं विटांचं घर. तिच्या मते अख्ख्या गल्लीत तिच्याइतकी नीट कापलेली हिरवळ कुणाची नाही. (ती कापतो तिचा नवरा क्लीओफस. तो भाग वेगळा.) निवृत्त होईपर्यंत व्हर्नेलनं शाळेच्या बसगाड्या सोडायचं काम केलं. त्यामुळे कुणी कधी निघायचं, कुठे वळायचं आणि कुठे गप उभं राहायचं हे जगात आपणच ठरवतो, अशी तिची पक्की समजूत.

लेक रेनिता लॉस एंजेलिसला. तिथं ‘व्हिटलो मंडळी’ नावाची नवी विनोदी मालिका निघाली होती. उपनगरात राहणारं काळं कुटुंब, आई, बाप, दोन पोरं, एक आजी. ही मालिका लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी सगळ्यात शेवटची खुर्ची रेनिताची. खुर्ची कसली, स्टूलच. पहिले भाग लोकांना आवडले तर मालिका राहणार. नाहीतर रेनिता बोचकं बांधून परत आपल्या जुन्या खोलीत, जिथं आता क्लीओफसनं चालायचं यंत्र ठेवलं होतं आणि त्यावर कपडे वाळत घातले होते.

आणि देवाची करणी बघा! चॅनलनं ज्या निवडक घरांत टीव्हीशेजारी कान देणारी डबी बसवली, त्यातलं एक घर पेटिग्रूंचं. मालिका चालू असताना माणसं किती हसली, किती चिडली, हे सगळं डबी ऐकून वर कळवायची. बसवताना फोनवर विचारलं होतं, “घरात टीव्हीच्या धंद्यातलं कुणी आहे का?”

“घरात? घरात कुणी नाही,” व्हर्नेल म्हणाली.

खोटं काय त्यात? रेनिता होती का घरात?

“तू असं कर व्हर्नेल,” क्लीओफस म्हणाला, “तू काहीच करू नकोस.”

“तू गप्प बस क्लीओ! माझ्या घरात कुणी किती हसायचं ते मी ठरवते!”

अडचण एकच होती. मालिका बुधवारी संध्याकाळी, आणि बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये बायबलचा वर्ग. अख्खी हसणारी जनता तिकडे! व्हर्नेलनं पास्टरना फोन लावला.

“पास्टर, या बुधवारचा वर्ग माझ्याकडे घेऊ या का?”

“का हो? चर्चला काय झालं?”

“काही नाही. मी आपली कोंबडी तळणार होते.”

“देवाची इच्छा,” पास्टर म्हणाले. स्वतः मात्र यायला जमलं नाही. आपला वाटा तेवढा बांधून ठेवायला सांगितला.

बुधवारी घर भरलं. क्लीओफसचा भाऊ होरेस आला. चर्चच्या गायकवृंदातली आर्डेलिया आली, जिचं कुजबुजणंसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जातं. आणि टॉलिव्हरमाई आल्या. नव्वदीच्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडील. डोक्यावर कलिंगडाएवढी हॅट, मांडीवर तेवढीच मोठी पर्स. माईंचा शब्द पास्टरसुद्धा मोडत नाहीत. त्या दिवशी बायबलच्या धड्यातल्या इस्राएलच्या लोकांनी चाळीस वर्षांचं वाळवंट कोंबडी तळून होईस्तोवर पार केलं, आणि टीव्ही लागला.

“नीट ऐका,” व्हर्नेल म्हणाली. “मी हा चिमटा वर केला की हसायचं. मोठ्यानं. मधे बोलायचं नाही.”

“आणि हसू नाही आलं तर, वहिनी?” होरेस म्हणाला.

“तर कोंबडी नाही, भावजी.”

मालिका सुरू झाली. व्हिटलो कुटुंबाचा बाप केक घेऊन आला, सायकलवर अडखळला, पडला. हा विनोद रेनिताच्या वरच्या साहेबांचा. चिमटा वर! “हा हा हा!” सगळे एका सुरात. दाताच्या डॉक्टरनं ‘आ करा’ म्हटल्यावर करावा तसा आ! बाप पुन्हा पडला. पुन्हा चिमटा, पुन्हा “हा हा हा!” क्लीओफस झोपला.

मग व्हिटलोबाई रात्री झोपायला गेल्या, आणि आर्डेलिया ताडकन उठली.

“थांबा! ही बाई केसांना रेशमी फडकं न बांधता झोपली?”

“अगं, उशीचा अभ्रा रेशमी असेल.”

“सुती आहे! मला धडधडीत दिसतोय! उद्या डोक्यावर चिमण्या अंडी घालतील!”

“लिहिलंय कुणी हे?” होरेस गरजला. “या लोकांनी काळी बाई झोपलेली कधी बघितलीच नाही का?”

“हळू!” व्हर्नेलनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. स्वयंपाकघरातल्या चिमट्यानंच.

आणि मग आली ती जेवणाची बैठक. टेबलाच्या मधोमध मॅकरोनी, चीज घालून भाजतात ती. आजीनं एक घास घेतला. चावला. थांबली. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि हळूच विचारलं, “कुणी केलंय हे?”

नातू टेबलाखाली सरकला.

“वाटाणे घातलेत यात,” आजी म्हणाली. तिनं पुन्हा हात जोडले, डोळे मिटले. “प्रभू, जिनं हे केलं तिला क्षमा कर. ज्यांनी खाल्लं त्यांना सांभाळ.” मग ती उठली, कोट चढवला, पर्स उचलली. “मी चीज आणायला चालले,” असं म्हणून दाराबाहेर!

पेटिग्रूंच्या दिवाणखान्यात सगळ्यांच्या माना टॉलिव्हरमाईंकडे वळल्या. कारण हे घडलेलं होतं! याच घरात, एका ईस्टरला. क्लीओफसचा रक्तदाब वाढला म्हणून व्हर्नेलनं मॅकरोनीत चीजऐवजी वाटाणे घातले होते, आणि टॉलिव्हरमाई कोट घालून निघून गेल्या होत्या. रेनितानं शब्दन् शब्द उचलला होता. आता माई चिडल्या तर?

माईंनी टीव्हीकडे बोट केलं. “ही... ही तर मी!”

आणि भडका उडाला!

आमच्यात खरं हसू बसून येत नाही, साहेब. खरं हसू आलं की माणूस उठतो, शेजाऱ्याला हाणतो, “नको! पुरे! बंद करा!” म्हणून ओरडतो आणि खोलीबाहेर पळतो. हसू जितकं मोठं, तितका तो लांब जातो. माईंनी पर्सनं होरेसला दोनदा बडवलं आणि ओरडल्या, “प्रभू, मला ने आता!” आर्डेलियानं “बंद करा मेल्यांनो, मरते मी!” म्हणत भिंतीवर बुक्क्या मारल्या. होरेस मागच्या दारानं पळाला तो थेट शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी थांबला. बाकीची मंडळी, आणि त्यांच्यात मी, पुढच्या दारानं. आणि व्हर्नेल, जिच्या वाटाण्यांची देशभर अब्रू गेली होती, ती हिरवळीवर गुडघे टेकून डोळे पुसत होती. चिमटा कुठे पडला तिला आठवेना.

“माझी पोर!” ती म्हणत होती. “काय लिहिलंय माझ्या पोरीनं!”

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. चॅनलचा माणूस. प्रेस्टन नाव, गोरा, कोवळा, हातात पेअर फळांची परडी. सोफ्याच्या अगदी कडेवर टेकला.

“आपल्याला झालेल्या दुःखाबद्दल चॅनल मनापासून दिलगीर आहे.”

“कसलं दुःख?”

“डबीनं सगळं ऐकलं. ‘नको, बंद करा’ अशा किंकाळ्या. मारहाण. एक वृद्ध स्त्री देवाकडे मरण मागते आहे. मग सगळे घर सोडून गेले. मागे फक्त एका गृहस्थांचा जड श्वास.”

“तो क्लीओ. झोपला होता.”

“आम्ही ते रडणं धरलं,” प्रेस्टन नम्रपणे म्हणाला. “काळजी करू नका. ती आजी आम्ही काढून टाकतोय. बाप पडतो तो भाग मात्र फारच आवडला आपल्याला! सगळे एका सुरात हसले. असं एका सुरातलं हसू आमच्या लोकांनी कधी ऐकलंच नव्हतं!”

व्हर्नेलनं कपाळावर हात मारला. “अरे बाळा, उलटं झालंय सगळं! ते हसणं खोटं होतं आणि ती मारामारी म्हणजे हसणं!”

प्रेस्टननं मान डोलावली. दवाखान्यात डोलावतात तशी.

मग मात्र व्हर्नेल पेटली. तिनं फोन फिरवले. होरेस आला, आर्डेलिया आली, टॉलिव्हरमाईंना खास गाडी पाठवली आणि प्रेस्टनच्या शेजारी बसवलं. “आता डोळ्यांनी बघ,” म्हणून तिनं तोच भाग पुन्हा लावला. आजीनं तोंड उघडायच्या आतच माईंना हसू फुटलं. “वाटाणे!” म्हणून त्यांनी पर्स फिरवली. त्या पर्समध्ये एक बायबल, एक छत्री आणि पेपरमिंटचा आख्खा डबा. प्रेस्टनचा चष्मा एकीकडे, पेअर दुसरीकडे! होरेस “नको! नको!” करत मागच्या दारानं गेला, आर्डेलियानं भिंत धरली.

“डबी चालू आहे का रे?” व्हर्नेलनं घाबरून विचारलं.

“नेहमीच चालू असते,” प्रेस्टन टेबलाखालून म्हणाला.

तेव्हा व्हर्नेलनं कंबरेवर हात ठेवले. “मग तीही ऐकू दे! ती आजी माझ्या लेकीनं लिहिली. ते वाटाणे माझे. मला सगळ्या जगासमोर नागडं केलं पोरीनं, आणि मी हसत अंगणात पळाले! याहून मोठी पावती कुठली आई देईल?”

मग टेबलाखालून हळूच प्रश्न आला, “लेकीनं? म्हणजे टीव्हीच्या धंद्यात?”

धंद्यातल्या माणसाचं घर नियमात बसत नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी डबी घरातून गेली. माईंच्या पर्सचा पराक्रम आणि व्हर्नेलचं भाषण हिशेबातून रद्द झालं. पहिल्या बुधवारचं मात्र आधीच वर पोचलं होतं. त्यावर सही झाली होती.

महिन्याभरानं रेनिताचा फोन आला.

“आई, मालिका राहिली!”

“देवा रे! आणि तुझं स्टूल?”

“खुर्ची मिळाली! पाठ टेकायची!”

“आणि आजी?”

“आजी गेली, आई.” रेनिता म्हणाली. “बापाचं पडणं आता माझ्याकडे दिलंय. मी फ्लॉसमूरची ना! चॅनल म्हणतं, तिकडच्या लोकांना माणूस पडलेला फार आवडतो. दर भागात तीनदा पाडते मी त्याला. काल छपरावरून पाडला. आई, खरं सांग, एवढं कोण गं हसलं त्याला?”

व्हर्नेलनं क्लीओफसकडे बघितलं. क्लीओफसनं छताकडे.

“लोक, बाई,” ती म्हणाली. “लोकांचं काही सांगता येत नाही.”

हे झालं व्हर्नेलचं. लेकीची खुर्ची वाचली, तिनं तोंड शिवून घेतलंय. मी नाही शिवलेलं. बायबलचा वर्ग आता बुधवारी व्हर्नेलकडेच भरतो; तो संपला की टॉलिव्हरमाई दर बुधवारी टीव्हीसमोर बसतात. बाप पडतो. कुणी हसत नाही. माई विचारतात, “ती कुठाय?”

“चीज आणायला गेली, माई,” होरेस म्हणतो.

“अजून?”

साहेब, तुम्ही मालिकेतल्या त्या आजीला मारलं नाहीत, गावाला पाठवलं नाहीत, घरातल्या कुणी तिचं नावसुद्धा काढलं नाही. कोट घालून बाहेर पडलेली म्हातारी अशीच सोडून दिलीत रस्त्यावर! नव्वदीच्या माईंना आम्ही काय सांगायचं? ती परत येणार आहे की नाही? येणार असेल तर कधी? उत्तर द्या!