सगळे खाली जमले तेव्हा

टक्, टक्, टक्. दुपारच्या गप्प घरात चमच्याचा आवाज झाला आणि स्वयंपाकघरात आईच्या लक्षात आलं, बाबा पुन्हा अडकला.

लेक टॅबच्या काचेवर चमच्याने टकटक करत होती. काचेमागे बाबा अर्धे डोळे मिटून, तोंड उघडं टाकून थिजला होता. तो दूर भर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर कामाला. रविवारी त्याची फोनची पाळी यायची. समुद्रात नेट होतं. नव्हतं ते इथे, घरात. त्यामुळे पाच वर्षांच्या लेकीच्या लेखी बाबा म्हणजे शिंक येता येता राहिलेला माणूस.

"उठतच नाहीये. जोरात मारू?"

"नको गं राणी. बाबाला नाही, टॅबला लागेल."

अख्खी इमारत एकाच जुन्या तारेवर लोंबकळत होती. फायबर कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. तिथून रस्ता खणून आत आणणं नेटच्या कंपनीला परवडत नव्हतं. मग आईला एक सरकारी योजना सापडली. नेट खरोखर रखडत असेल आणि सगळ्या घरांनी मागणी केली, तर खणायचा खर्च अनुदानातून मिळणार होता.

ऑफिसचं काम आणि लेकीची झोप यांच्या फटीत तिने जिने झिजवले. पहिल्या मजल्यावरच्या मावशी सहीला तयार होईनात. "मी नेट वापरतच नाही बाई. मी फक्त व्हिडिओ बघते." इमारतीचे अध्यक्ष असलेल्या काकांना अर्जावर 'अध्यक्षांच्या पुढाकाराने' हवं होतं. तिने तेही घातलं, ठळक अक्षरात. कडेवरची लेक दर दारात विचारायची, "ही सही बाबासाठी?"

"हो गं, बाबासाठीच."

लोक घरी सापडावेत म्हणून योजनेचा तपासनीस नेटचा वेग बघायला रविवारीच यायचा ठरला. तिने इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, 'सगळे खाली या, एकी दिसली पाहिजे.' काकांनी खाली जोडलं, 'येताना मोबाईल, टीव्ही, नेटचे डबे बंद करून येणे. साहेबांसमोर कुणाचं काही वाजता कामा नये.' एरवी सभेला नुसत्या खुर्च्या जमायच्या. त्या दिवशी मावशींसकट झाडून सगळे हजर! तिने खिडकीतून त्या गर्दीला हात केला.

अर्जावर पहिलं नाव तिचं, म्हणून तपासनिसाने वेग मोजायचं यंत्र तिच्याच घरी लावलं. एकदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ताई, उत्तम आहे की!"

"काय उत्तम?"

"वेग. आमच्या ऑफिसातसुद्धा इतका नाही."

"अहो, रोज जीव टाकतं ते!"

तेवढ्यात टॅब वाजला. पडद्यावर बाबा आला, तोही लख्ख. चक्क हलणारा.

"अगं, केस कधी कापलेस?"

"कधीच कापलेत," ती कशीबशी म्हणाली.

"बाबा, तुला दात आहेत!" लेक किंचाळली.

तपासनीस कौतुकाने वाकला. "वा, व्हिडिओ कॉलही छान चालतो," म्हणत त्याने तेही टिपून घेतलं.

अडक रे, एकदाच अडक, असा तिने मनातल्या मनात धावा केला आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. बाबा तर कान हलवून दाखवत होता. लेक हसून हसून लोळत होती. मग तिची नजर खिडकीबाहेर गेली आणि पायाखालची जमीनच सरकली. अख्खी इमारत खाली होती. तार तिच्या एकटीच्या घरासाठी मोकळी होती.

ती खिडकीकडे धावली. "काका! सगळ्यांना वर पाठवा! नेट चालू करा!"

"माझं भाषण झाल्याशिवाय कुणी हलणार नाही!" काका खालून गरजले. "एकी म्हणजे एकी!"

"अहो साहेब, सगळे खाली आहेत म्हणून धावतंय हो ते!"

"ताई, मी दिसतं तेच लिहितो. आणि अहवाल गेलासुद्धा. पुढच्या वर्षी पुन्हा करा ना अर्ज."

खाली टाळ्यांच्या कडकडाटात त्याची बोळवण झाली. मग मंडळी समाधानाने आपापल्या घरी परतली आणि एकेकाने आपापलं यंत्र सुरू केलं.

"ऐक ना पिल्ला," बाबा सांगत होता, "आज मी साहेबांना सुट्टीचं विचारलं. ते म्हणाले..."

आणि तो थिजला. तोंड उघडं, डोळे अर्धे.

जिन्यातून काकांचा आवाज आला, "काय पोरी, केली की नाही कामगिरी फत्ते?"

लेकीने चमचा उचलला, बाबाच्या नाकाजवळ नेला आणि न वाजवताच खाली ठेवला.

"आई, बाबाला घरी आणायला किती घरांच्या सह्या लागतात?"