बेकारांच्या जंगलातले वाघमारे

दिलीप वाघमारे झाडांची हजेरी घ्यायचे. खोडावर टकटक करून "पीटर?" असं विचारायचे आणि आवाज बारीक करून स्वतःच "हजर!" म्हणायचे. जाणारे डच सायकलवाले वळून बघायचे. वाघमारे त्यांनाही हात करायचे.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आम्ही एकाच इमारतीत. ते खाली, आम्ही वर. आयटीतला साधा माणूस, पण वेड एकच, मंदीत बेकारांनी लावलेली जंगलं.

"ताई, नव्वद वर्षांपूर्वी जगभर कामं गेली. अमेरिकेत सरकारनं छावण्या काढल्या. अठरा-वीस वर्षांची पोरं, घरी चूल थंड. हातात कुदळ दिली, म्हणाले, झाडं लावा. लाखो पोरं कामाला लागली! इथं नेदरलँड्समध्येही बेकारांनीच माळ खणून जंगलं उभी केली. आज आपण तिथं फिरतो, त्यांची नावं कुठायत?"

म्हणून त्या झाडांना वाघमारे स्वतःच नावं द्यायचे. आमच्या गॅलरीतला कढीपत्ता पाहूनही त्यांनी "कोणी लावला?" असं विचारलं होतं. आमचे हे म्हणाले, "मी. पण मी बेकार नाही हो!" तेव्हा सगळ्यात जास्त वाघमारेच हसले होते.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचा जयंतीचा कार्यक्रम ऑनलाइन झाला. भाषणं संपल्यावर गप्पा सुरू झाल्या. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, वाघमारेंची नक्कल करा ना." मी केली. लाटण्यावर टकटक, "पीटर? हजर!" आणि वर माझी भर: "बेकारांनो, रांगेत उभे राहा, तुमचा मुकादम आलाय!" पंधरा खिडक्यांतून हशा उसळला. एक खिडकी काळी होती. तिच्यावर नाव होतं, दिलीप.

रात्रभर कानशिलं तापत होती. सकाळी पोहे घेऊन खाली गेले. दार उघडलं, तर वाघमारे इस्त्रीच्या शर्टात, घरात पसारा.

"दादा, काल मी..."

"आवाज बरोबर काढलात," ते म्हणाले. "मुकादमाचं तेवढं चुकलं. मी रांगेतलाच आहे. सहा आठवडे झाले नोकरी जाऊन. तीन महिन्यांत दुसरी नाही मिळाली, तर देश सोडायचा."

पोह्यांचं भांडं हातातच राहिलं. सहा आठवडे हा माणूस रोज जंगलात जात होता, आणि आम्ही वरून बघून हसत होतो.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. बायको आणि लेक नागपूरला अडकल्या होत्या, विमानं बंद. त्यांनी कॉलर नीट केली, लॅपटॉप उघडून समोर ठेवला आणि मग फोन घेतला.

"हो गं, मीटिंगच आहे. वरच्या ताई आल्यात, बोल."

फोन माझ्या हातात आला. पडद्यावर वाघमारेंची बायको हसत होती. "ताई, फार काम देतात हो यांना. जेवायचीही शुद्ध नसते. जरा लक्ष ठेवाल?"

वाघमारे माझ्याकडे बघत होते, हात जोडून.

"ठेवते," मी म्हटलं. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.