अमडापूरच्या दालमिलमधले सात नवे रोजगार

अमडापूरच्या अर्जुनरावांच्या दालमिलमध्ये चार बाया तुरीची डाळ निवडतात, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली तेव्हा त्या एकोणीस वर्षांपासून डाळ निवडत होत्या. एवढी वर्षं त्या कोणत्याही योजनेशिवाय, कोणत्याही मार्गदर्शक सूचनांशिवाय कामाला येत होत्या आणि तरीही डाळ स्वच्छ निघत होती. ही परिस्थिती फार काळ चालू देणं योग्य नव्हतं.

कर कमी केला की रोजगार वाढतात, असं तज्ज्ञांच्या एका गटाचं म्हणणं. सरकारने खर्च वाढवला की वाढतात, असं दुसऱ्या गटाचं. कुणालाच नाराज करायचं नाही म्हणून दोन्ही करण्यात आलं. नवे रोजगार देणाऱ्या लहान उद्योगांना तीन वर्षं करसवलत जाहीर झाली, आणि ते रोजगार खरोखर निर्माण होतात का हे पाहण्यासाठी बुलढाण्यात सरकारी खर्चाने 'रोजगार परिणाम मापन कक्ष' उघडला. कक्षात चौदा माणसं नेमली. त्यातला मापन सहायक म्हणजे मी, नीळकंठ, मुक्काम चिखली, अकरा महिन्यांच्या करारावर. त्याआधी सहा वर्षं मी स्पर्धा परीक्षा देत होतो. त्यामुळे सरकारी खर्चाने रोजगार निर्माण होतो की नाही, या प्रश्नावर माझं मत अतिशय ठाम आहे.

माझी पहिलीच भेट अर्जुनरावांच्या मिलची. 'नमुना तीन' हा छापील तक्ता मांडीवर घेऊन मी विचारलं, "मागच्या वर्षी निवडणीला कामगार किती होते?"

"चार."

"आणि यंदा? नावं सांगा."

इथे अडचण आली. अर्जुनरावांनी आयुष्यात कामगारांची नावं लिहिली नव्हती. ते म्हणाले, "नावं काऊन पाह्यजे? एक जागा मंजुळाबाईची हाये, एक मनकर्णाबाईची..."

"मंजुळाबाई रोज येतात ना?"

"येतात ना. तिचं काही दुखलं-खुपलं त तिची जाऊ येते, गीताबाई. नाही त सून येते, काजल. जागा मंजुळाबाईचीच. घरचं कोणी बसलं म्हणजे झालं."

अमडापुरात ही रीतच आहे. काम बाईचं नसतं, घराचं असतं. एकीला ताप आला की दुसरी येऊन तिच्या पाटावर बसते आणि कालचं सूप आज पुढे चालू होतं. पण नमुना तीनमध्ये 'घर' हा रकाना नाही. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, 'चालू वर्षात काम केलेल्या सर्व व्यक्तींची नावे'. मी सर्व व्यक्तींची नावं लिहिली. अकरा भरली. अकरातून चार गेले, उरले सात.

"अर्जुनराव, अभिनंदन," मी म्हणालो. "यंदा तुम्ही सात रोजगार निर्माण केलेत."

"मी?" त्यांनी मागे वळून मिलकडे पाहिलं. "कवा?"

"याच वर्षी."

"बरं झालं सांगतलं तुम्ही. मले त पत्ताच नव्हता."

आमच्या कक्षप्रमुख चारुलता मॅडम या अहवालावर फार खूष झाल्या. इतर सगळ्या मिलवाल्यांनी कामगार होते तेवढेच आहेत असं कळवलं होतं, त्यामुळे दाखवण्यासारखी आमच्याकडे ही एकच मिल होती. त्यांनी अहवालाला प्लॅस्टिकचं आवरण घातलं आणि तो विभागाकडे पाठवला. अर्जुनरावांना सवलत मंजूर झाली. अट एकच, हे अकराही रोजगार तीन वर्षं टिकले पाहिजेत. एकही नाव कमी झालं तर सवलत रद्द.

आता हातात आलेल्या पैशाचं काय करायचं, हे अर्जुनरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. योजनेच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की वाचलेल्या करातून उद्योजक धंदा वाढवील. त्यांनी वाढवला. डाळ निवडायचं मशीन आणलं. त्यात कॅमेरा असतो. वरून डाळ पडते, कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि खडा, काळा दाणा किंवा न फुटलेला गोटा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. त्याला जाऊ नाही, सून नाही आणि ताप येत नाही.

त्या सकाळी चौघी नेहमीप्रमाणे सूप घेऊन आल्या, तर मशीन सुरू होतं. अर्जुनराव वाईट माणूस नाही. त्यांनी चौघींना चहा पाजला, एकेक साडी दिली आणि "लागलं त बोलावतो" म्हणाले.

आणि बोलावलं की. तिसऱ्याच महिन्यात आमची तपासणी होती. आदल्या दिवशी मशीनवर ताडपत्री टाकली, तिच्यापुढे पोत्यांची थप्पी लावली आणि चार पाटांवर अकरा बाया दाटीवाटीने बसवल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी आणि चिवडा असा ठराव होता. मॅडमनी स्वतः सूप हातात घेऊन फोटो काढला. मला ताडपत्री दिसली. पण नमुना सातमध्ये 'ताडपत्री' असा रकाना नव्हता, आणि जे विचारलेलं नाही ते कळवणं म्हणजे कार्यालयीन शिस्तीचा भंग.

काम चांगलं दिसलं की ते पाहायला माणसं येतात. आधी विभागाचं पथक आलं, मग शेजारच्या जिल्ह्यांची पथकं 'अमडापूर पद्धती'चा अभ्यास करायला येऊ लागली. पथकं वाढली म्हणून आमच्या कक्षाला दुसरी जीप मिळाली, जीपला चालक मिळाला. बायांचं कौशल्य वाढवण्याचाही निधी आला. त्यातून धवल नावाचा प्रशिक्षक नेमला. धवल पुण्याहून पदवी घेऊन आला होता आणि त्याने तोपर्यंत डाळ फक्त वाटीत पाहिली होती. पाच दिवस तो मंजुळाबाईंना सूप कसं धरावं हे पडद्यावर चित्रं दाखवून समजावत होता. शेवटी परीक्षा झाली. मंजुळाबाईंना 'समाधानकारक, सुधारणेस वाव' असा शेरा मिळाला.

एव्हाना हिशोब असा झाला होता. करसवलतीतून एक मशीन आणि शासकीय खर्चातून सोळा माणसं. डाळ निवडणारं मात्र कुणी नव्हतं. दोन्ही गटांचे तज्ज्ञ आमचा अहवाल वाचून गेले आणि दोघांनीही आपलंच म्हणणं सिद्ध झाल्याचं कळवलं.

पण पथकं महिन्यातून दोनदा येत आणि पोट रोज असतं. मंजुळाबाईंचं घर त्यांच्याच मजुरीवर चालायचं. नवरा दम्याने अंथरुणाला, मुलगा कापसाच्या गाडीवर हमाल, तेही चार महिने. गावाजवळ रोपवाटिकेचं सरकारी काम निघालं. पिशव्या भरायच्या, रोपांना पाणी घालायचं. बाई नाव द्यायला गेल्या. तिथल्या माणसाने आधार क्रमांक टाकला आणि म्हणाला, तुम्ही आधीच रोजगारात आहात, एका माणसाला दोन रोजगार देता येत नाहीत. जाऊला आणि सुनेलाही तेच उत्तर मिळालं. एका घरात तीन रोजगार असलेलं कुटुंब म्हणून त्यांची नोंद 'सधन'मध्ये झाली होती.

मग एका सोमवारी बाई एसटीने बुलढाण्याला आल्या आणि थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, माहं नाव काढा त्याच्यातून."

मी कार्यालयीन आवाजात म्हणालो, "मंजुळाबाई, लाभार्थ्याचं नाव असं काढता येत नाही."

"मी कामावर असती त इथं काऊन आली असती? काम पाह्यजे मले. नाव घेऊन काय करू?"

"तुमचं एक नाव कमी झालं तर अर्जुनरावांची सवलत जाईल."

"जाऊ द्या. त्याईचं मशीन त राहीन ना?"

"सवलत गेली तर आमचा अहवाल खोटा ठरेल. कक्ष बंद होईल. सोळा माणसं घरी बसतील." मग मी खरं तेही सांगितलं, "त्यात मीही आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. मुलीकडच्यांना सांगितलंय, नोकरी कायम होणार म्हणून."

बाई माझ्या खुर्चीकडे पाहत राहिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माह्या जाग्यावर तुम्ही बसून राह्यले. पण माह्या घरचे थोडी हाये तुम्ही?"

मला लाज वाटली. नियमात कुठे तरतूद नाही, पण वाटली. माझी कार्यालयीन भाषाही सुटली. "बसा बाई," मी म्हणालो, "पाह्यतो मी काही जमते का." आणि योजनेची पुस्तिका काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. चाळिसाव्या पानावर सापडलं. लाभार्थ्यांची यादी दर वर्षी पंधरा दिवस प्रसिद्ध केली जाते आणि तिच्यावर हरकत घेता येते. एक हरकत आली तरी ते नाव यादीतून बाजूला काढून फेरचौकशी करावीच लागते. मात्र लाभार्थ्याला स्वतःविरुद्ध हरकत घेता येत नाही. त्याच्या नातेवाइकांना येत नाही, मालकाला येत नाही, कक्षातल्या कर्मचाऱ्याला तर मुळीच नाही. हरकत घ्यायला असा नागरिक लागतो की ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही.

"असा कोण अस्ते?" बाईंनी विचारलं.

"पुष्कळ असतात. पेपर वाचणारे, सरकारवर रोज बोलणारे, कर भरणारे. एक ओळ लिहून पाठवायची, बस्स."

"मंग येईन कोणी?"

"येईल ना," मी म्हणालो. त्या हो म्हणून उठल्या आणि चिखलीमार्गे अमडापूरला जाणारी गाडी पकडायला गेल्या. रोज सकाळी त्यांचा फोन येतो. आला का कोणी, एवढंच विचारतात.

यादी आमच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली आहे, संकेतस्थळावरही आहे. अकरा नावं आहेत, मंजुळाबाईंचं पहिलं. आपण हे इथपर्यंत वाचलंत, म्हणजे सर्व वस्तुस्थिती आपल्याला अवगत आहे. आपण त्यांचे कुणी लागत नाही, म्हणजे नियमानुसार आपण पूर्ण पात्र आहात. मुदत शुक्रवारी कार्यालय सुटेपर्यंत आहे. मॅडमना मात्र अहवाल त्या दिवशी दुपारीच लागतो. आपल्यासारख्या नागरिकांविषयीचा आजवरचा अनुभव लक्षात घेऊन, हरकतींच्या रकान्यात मी आजच 'निरंक' लिहून ठेवलं आहे.